नळाच्या तोंडातून सतत पाणी ठिबकते: अख्खा नळ बदलावा की फक्त स्पिंडल?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या इमारतीच्या गच्चीवरील टाक्या नुकत्याच धुण्यात आल्या आणि तेव्हापासून बाथरूममधील बादलीवरचा नळ ठिबकू लागला आहे. नळ पूर्ण बंद केला तरी तोंडातून थेंब पडत राहतात आणि रात्री खाली ठेवलेला तांब्या सकाळी भरून वाहत असतो. नळ पितळी, वरून क्रोमचा मुलामा असलेला आणि पाव फिरकीत उघडणारा आहे. मुठीपाशी ओल अजिबात नाही. प्लंबरने अख्खा नळ बदलण्याचा सल्ला दिला. परंतु नळाचे अंग उत्तम स्थितीत असताना तो भंगारात टाकणे मनाला पटत नाही. ही दुरुस्ती घरच्या घरी करता येईल का?

निवृत्त फिटर, परळ

नळ बदलण्याची घाई करू नका. पाणी तोंडातून येते, मूठ कोरडी आहे आणि गळती टाकी धुतल्यानंतर सुरू झाली, या तीन गोष्टींवरून दोष स्पिंडलमध्ये, म्हणजे मुठीखालच्या पाणी उघड-बंद करणाऱ्या सुट्या भागात, आहे असे मला वाटते. पाव फिरकीच्या नळात जुन्या नळासारखा रबरी वॉशर दाबला जात नाही. त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यांची छिद्रे समोरासमोर आली की पाणी वाहते. टाकी धुताना ढवळलेल्या गाळातील बारीक रेती पाइपातून खाली येते आणि या चकत्यांमध्ये किंवा स्पिंडलच्या बुडाशी असलेल्या रबरी रिंगेखाली अडकते. अशा वेळी मूठ जोर लावून आवळू नये, कारण त्याने पाणी थांबत नाही आणि आतला अटकाव मात्र तुटतो.

प्रथम बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून नळातील पाणी काढून टाका आणि मोरीच्या जाळीवर फडके अंथरा, कारण मुठीचा स्क्रू लहान असतो आणि जाळीतून गेला की परत मिळत नाही. मुठीवरचे झाकण अलगद उचकटून स्क्रू काढा, मूठ ओढून घ्या आणि नळाचे अंग एका हाताने घट्ट धरून स्पिंडल पान्याने डावीकडे फिरवून सोडवा. मुलामा खरवडला जाऊ नये म्हणून पान्याच्या जबड्यात कापड धरावे. स्पिंडल स्वच्छ पाण्यात, जुन्या टूथब्रशने धुवा. मुंबईला येणारे तानसा-भातसा धरणांचे पाणी मृदू असल्याने क्षार सहसा साचत नाहीत, पण सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल तर पांढरा थर दिसेल. तो व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवल्यास सुटतो.

स्पिंडल परत बसवण्याआधी स्पिंडल काढल्याने नळाला पडलेल्या मोकळ्या भोकासमोर बादली धरून व्हॉल्व्ह क्षणभर उघडा, म्हणजे आत राहिलेली रेती बाहेर पडेल. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग तीच रेती पुन्हा चकत्यांत शिरते.

गिरगावकरीण

वरील सल्ला योग्यच आहे, मात्र व्हॉल्व्हविषयी एक सांगावेसे वाटते. आमच्यासारख्या जुन्या इमारतींत बाथरूममधील व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे जाम झालेला असतो. त्याला पक्कड लावून हिसका देऊ नये. भिंतीतला जोड तुटला तर खालच्या घराच्या छताला ओल येते आणि नळाची साधी दुरुस्ती शेजाऱ्यांशी वादापर्यंत जाते. त्यापेक्षा वॉचमनला सांगून गच्चीवरील आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून घ्यावा. त्या लाइनीवरच्या सर्व घरांचे पाणी जाणार असल्याने आधी सर्वांना कळवावे आणि सकाळची गर्दीची वेळ टाळावी.

मुलुंडकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. व्हॉल्व्ह सहज फिरला. रबरी रिंगेखाली खरोखरच रेतीचे कण चिकटलेले होते. सर्व धुऊन बसवल्यावर ठिबकणे पुष्कळ कमी झाले आहे, तरीही अधूनमधून एखादा थेंब पडतो. रिंग हाताला कडक लागते आणि तिच्या एका कडेला चीर दिसते.

निवृत्त फिटर, परळ

नळ बंद केल्यावर तोंडात उरलेले पाणी मिनिटभर ठिबकते, ते सोडून द्या. त्यानंतरही थेंब येत असेल तर त्या चिरलेल्या रिंगेमुळेच येतो. सुटी रिंग मिळाली तर उत्तम. नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात रबरी रिंगा मिळतात. न मिळाल्यास नवा स्पिंडल घ्या, पण फोटो दाखवून घेऊ नका. जुना स्पिंडल सोबत न्या आणि त्याची लांबी, आटे व मूठ बसते तेथील दाते नव्याशी ताडून पाहा. नवा स्पिंडल कोणत्या बाजूला फिरून बंद होतो तेही दुकानातच तपासा, कारण गरम आणि थंड पाण्याचे स्पिंडल अनेकदा उलट दिशांनी फिरणारे असतात. भिंतीकडील जोड कोरडा असेल तर त्याला हात लावू नका. तो सोडवला तर जुनी टेफ्लॉन टेप काढून नवी गुंडाळावीच लागेल.