दात दाखवणारे कोपऱ्याचे चिन्ह युनिकोडमध्ये आहे, तर ते चिठ्ठीत वापरावे की नाही?

धागा मांडणारे (दंतवैद्य, देवगड):
रत्नागिरीला रुग्ण पाठवताना सोबतची चिठ्ठी आम्ही हल्ली मोबाइलवरच टंकतो. कागदावर वरची डावी पहिली दाढ दाखवायची तर कोपऱ्याची रेघ ओढून आत ६ लिहिला की भागते: कोपरा तोंडाच्या चारपैकी कोणता भाग ते सांगतो आणि ६ म्हणजे मधल्या रेघेपासून सहावा दात. ही पद्धत दंतवैद्य झिगमाँडी यांनी व्हिएन्नात १८६१ मध्ये मांडली आणि इंग्रजी जगात ती पामर यांच्या नावाने रुळली. टंकताना मात्र बहुतेक जण तक्ते आखण्यासाठी असलेली └ ही रेघ उचलतात. युनिकोडने (संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारे मानक) २००२ मध्ये, आवृत्ती ३.२ पासून, दंतवैद्यकासाठी १५ स्वतंत्र चिन्हे दिलेली असताना आपण ⎿६ असेच लिहायला हवे, असे माझे ठाम मत आहे. उद्या साठवलेल्या केसपेपरांतून वरच्या डाव्या दाढा शोधायच्या झाल्या, तर तक्त्याची कड कोणती आणि दात कोणता, हे संगणकाला └ वरून कधीच कळणार नाही.

प्रतिसाद (दवाखान्याच्या नोंदी ठेवणारे, रत्नागिरी):
डॉक्टर, शोधाचा मुद्दा मान्य आहे, पण चिठ्ठी आधी वाचता आली पाहिजे. आमच्या संगणकावरच्या फाँटमध्ये हे चिन्ह नसल्यामुळे त्या जागी रिकामा चौकोन उमटतो आणि हाती उरतो तो नुसता ६. पहिल्या दाढा तोंडात चार असतात. चारांतली कोणती, हे सांगणारा भागच नेमका गळून पडतो. आंतरराष्ट्रीय दंत महासंघाच्या दोन अंकी पद्धतीत (पहिला अंक तोंडाच्या भागाचा, दुसरा दाताचा) हीच दाढ २६ होते, आयएसओ ३९५० हे मानकही त्याच पद्धतीचे आहे, आणि अंक कोणत्याही फाँटमध्ये असतातच.

धागा मांडणारे:
अंक दिसतात, पण ते कोणत्या पद्धतीचे हे अंकांवरून कळत नाही. १६ म्हणजे आपल्याकडे वरची उजवी पहिली दाढ. अमेरिकी क्रमांकनात तोच १६ वरच्या डाव्या अक्कलदाढेचा असतो. परदेशातून गावी आलेला रुग्ण तिकडचा कागद घेऊन येतो, तेव्हा हा घोळ प्रत्यक्ष समोर येतो. शिवाय २६ च्या जागी चुकून ३६ टंकले गेले तरी तेही खऱ्याच दाताचे नाव ठरते, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेस येत नाही. कोपरा मात्र पाहताक्षणी बाजू दाखवतो.

प्रतिसाद (टंकनाचे काम करणारे, कुडाळ):
आपण दोघेही या १५ चिन्हांकडून जास्त अपेक्षा करता आहात, असे मला वाटते. ही चिन्हे जपानच्या जेआयएस एक्स ०२१३ या प्रमाणित अक्षरसंचाच्या गरजेतून आली, म्हणूनच त्यांत वर्तुळ, त्रिकोण आणि लाटेसारखी रेघ असलेले प्रकारही आहेत. वरचे आणि खालचे दात एकाच फुलीभोवती मांडायचे असतील, तर ती दुमजली रचना साध्या ओळीत बसत नाही. त्यासाठी वेगळी आखणीच करावी लागते. आणखी एक अडचण अशी की, या चिन्हांची अधिकृत नावे केवळ आकारावरून ठेवलेली आहेत. ⎿ च्या नावात ‘खाली’ आणि ‘उजवीकडे’ आहे, पण ते दाखवते रुग्णाची वरची डावी बाजू. अंध वाचकासाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने हे नाव उच्चारले, तर अर्थ उलटाच लागेल. युनिकोड एकदा दिलेले नाव बदलत नाही, म्हणून ही अडचण कायमचीच समजावी.

धागा मांडणारे:
नावाचा हा मुद्दा वजनदार आहे. तरीही जुन्या केसपेपरांबाबत मी मागे हटणार नाही. कागदावर कोपरा असताना नोंद करणाऱ्याने २६ लिहिले, तर ती नक्कल राहत नाही, त्याने लावलेला अर्थ होतो. आणि डावे-उजवे लावण्यात तो चुकला, तर मूळ काय होते हे शोधायला काहीच उरत नाही. तिथे चिन्हच हवे.

प्रतिसाद (दवाखान्याच्या नोंदी ठेवणारे, रत्नागिरी):
जुन्या कागदांसाठी अवश्य वापरा, तिथे माझा विरोध नाही. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीत मात्र पद्धतीचे नाव, २६ आणि ‘वरची डावी पहिली दाढ’ असे पूर्ण शब्दांत लिहून पाठवावे, एवढीच विनंती आहे.