शब्दचर्चा: ‘जनसुनावणी’ म्हणजे संमती का?

प्रश्न: अणुऊर्जा प्रकल्पांच्या बातम्यांत जनसुनावणी, लोकसुनावणी, जाहीर सुनावणी असे तिन्ही शब्द वाचले. अर्थ एकच ना? आणि ‘जनसुनावणी पार पडली’ म्हणजे लोकांनी मान्यता दिली असं समजायचं का?

उत्तर: प्रक्रिया एकच, नावं तीन. मान्यतेचा मात्र तिच्याशी संबंध नाही. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ही सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त जमलेल्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. गणपूर्तीची अट नाही, मतदान तर नाहीच. चारच माणसं आली तरी सुनावणी ‘पार पडते’.

आणखी एक उत्तर: गोंधळ कोर्टामुळे होतो. कोर्टात ज्याच्यापुढे सुनावणी, तोच निकाल देतो. इथे जिल्हाधिकारी निकाल देत नाहीत. अणुप्रकल्पाला पर्यावरण मंजुरी द्यायची की नाही हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालय ठरवतं. गावकरी मात्र समोरच्या साहेबांनाच उत्तर मागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शब्दच तशी अपेक्षा निर्माण करतो.

आणखी एक उत्तर: रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाचं उदाहरण घ्या. 16 मे 2010 ला तिथल्या माडबन गावात सुनावणी झाली. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाची मराठी प्रत वेळेत हातात पडली नाही, ही तेव्हाची मोठी तक्रार होती. जाडजूड इंग्रजी अहवाल वाचायचा कोणी? जवळच्या साखरी नाटे गावच्या मच्छीमाराला समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल विचारायचं असेल, तर ते पान आधी त्याला वाचता आलं पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 35 अटींसह मंजुरी मिळाली. विरोध सुरूच राहिला. तरी ‘लोकसहभागातून मंजुरी’ अशी वाक्यं लिहिली गेली की मला राग येतो. हजेरी, हरकत आणि सहभाग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ प्रश्नकर्ता: मग किरणोत्सर्गाबद्दलच्या शंकांचं काय?

उत्तर: लोकांची खरी भीती तीच असते, आणि नेमका तोच भाग या सुनावणीत तपासला जात नाही. तो अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जातो. 1983 साली स्थापन झालेलं हे मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. जागेला संमती देताना त्याने गावात सुनावणी घ्यावी असा नियम जैतापूरच्या सुनावणीवेळी नव्हता. शिवाय 1962 च्या अणुऊर्जा कायद्यातलं कलम 18 तेव्हा माहिती उघड करण्यावर बंधन घालणारं होतं. त्यामुळे ‘पारदर्शक प्रक्रिया’ असं लिहिण्याआधी कोणती प्रक्रिया, पर्यावरणाची की सुरक्षेची, हे सांगायलाच हवं. बातमीत माझ्या मते असं लिहावं: ‘जनसुनावणीत ग्रामस्थांनी हरकती नोंदवल्या, मंजुरीचा निर्णय मंत्रालयाकडे आहे.’