मदत हवी आहे: हॉस्टेलवरच्या मुलासाठी आरोग्य विमा

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वय २०. आजवर यांच्या कंपनीच्या ग्रुप विम्यात त्याचं नाव होतं. हे मार्चमध्ये निवृत्त होतील आणि तो विमा संपेल. कॉलेज फीबरोबर विम्याचे पैसे घेतं, पण कागद नीट वाचले तेव्हा कळलं की तो फक्त अपघाताचा आहे.

मागच्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला होता. रात्री अकराला रूममेटनेच दवाखान्यात नेलं. आम्ही पोहोचेपर्यंत त्या पोरानेच स्वतःचे दहा हजार डिपॉझिट भरले होते. ती रात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

खरी काळजी वेगळी आहे. त्याला लहानपणापासून दमा आहे. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेलं तर आधीची वर्षं धरली जातात असं वाचलंय. कुणी प्रत्यक्ष केलंय का? अर्ज निवृत्तीच्या किती आधी द्यायचा, एचआरकडून कोणते कागद घ्यायचे?

शिवाय तिघांची एकत्र फ्लोटर (एकच विमा रक्कम सगळ्या घरात मिळून वापरायची पॉलिसी) घ्यावी की त्याची वेगळी? फ्लोटरमध्ये मुलं साधारण २५ वर्षांपर्यंतच राहतात, आणि आमच्या वयामुळे हप्ता चढतो. मला वेगळीच बरी वाटते. दमा फॉर्ममध्ये लिहिणारच आहे, लपवायचा नाही.

अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.