अनुभव धागा: बाहेरचं मटेरियल तुमच्या टेबलावर चालतं का?

गवती चहा
काल माळा आवरताना निळी प्लास्टिकची फाइल सापडली. आत डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, आपापलं पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) जुनी कॅरेक्टर शीट्स, म्हणजे पात्रांच्या माहितीची पानं. सगळ्यात वर एका मित्राचं, पेन्सिलीनं भरलेलं. क्लासच्या, म्हणजे पात्राच्या प्रकाराच्या, रकान्यात 'ब्लड हंटर' लिहून खोडलंय आणि वर 'रेंजर' केलंय. खोडलेलं अजून वाचता येतं.

2018 सालची गोष्ट. दर रविवारी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर पाच जण जमायचे, मी पहिल्यांदाच डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी. ब्लड हंटर हा मॅथ्यू मर्सर या प्रसिद्ध डीएमनं बनवलेला क्लास, खेळाच्या ऑफिशियल पुस्तकांत नाही, म्हणून 'बाहेरचा'. मित्र प्रिंट काढून घेऊन आला होता, जागोजागी हिरव्या मार्करनं रंगवलेल्या. मी पहिलं पानही न उलटता "बाहेरचं नको, बॅलन्स बिघडतो" म्हणून परत दिल्या. तो काही बोलला नाही. तीन रविवार रेंजर खेळला, मग ऑफिसचं कारण सांगून यायचा थांबला.

गेल्या वर्षी तो क्लास नीट वाचला. शस्त्राला धार आणायची तर स्वतःचेच हिट पॉइंट्स (पात्राच्या जिवाचे गुण) मोजावे लागतात. जेवढा फायदा तेवढी किंमत. नाही म्हटल्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, न वाचता म्हटल्याचं वाटतं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. डीएम आणि खेळाडू, दोन्ही बाजू हव्यात.

विसाचा फासा
ताई, आमच्याकडे नेमकं उलटं. मी सगळ्यालाच हो म्हणत गेलो. एकानं नेटवरून फुकटचा क्लास आणला. त्याची गोष्ट फार सुरेख होती, पण तिसऱ्या लेव्हलला गडी एका टर्नमध्ये चार हल्ले करायला लागला. साध्या फायटरला दुसरा हल्ला पाचव्या लेव्हलला मिळतो आणि चौथा थेट विसाव्या!

आमचा फायटर म्हणजे माझा मावसभाऊ, तेव्हा अकरावीत. दोन हाती तलवार, सहाचे दोन फासे अधिक तीन, म्हणजे सरासरी दहा. त्याची पाळी येईपर्यंत गॉब्लिन शिल्लकच राहायचे नाहीत. त्या दिवशी त्यानं आपले फासे एकेक करून पिशवीत भरले, नाडी आवळली आणि सेशन संपेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसला. मला ते दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात क्लासवाल्याला बाजूला घेतलं. म्हटलं, हल्ले दोनच, तेही पाचव्या लेव्हलपासून. तो लगेच हो म्हणाला. त्याला ती गोष्ट हवी होती, आकड्यांचं त्याला काहीच नव्हतं. तेव्हापासून बाहेरचं काहीही तीन सेशन चाचणीवर, आणि मी त्यात कमीजास्त करणार हे सेशन झीरोलाच, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीतच, सांगून ठेवतो.

कंदील
ब्लड हंटरचं मूळ माहितीये का? 2015 मध्ये विन डिझेलच्या एका सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी डी अँड डीचा खेळ ठेवला होता. त्याच्यासाठी मर्सरनं 'विच हंटर' क्लास रचला, त्यातून पुढे हा आला. बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय.

पाटीपेन्सिल
विसाचा फासा, मावसभाऊ अजून खेळतो का?

विसाचा फासा
हो हो, आता तोच डीएम आहे, हॉस्टेलवर!

शेवग्याची शेंग
सगळे क्लासबद्दल बोलताहेत, मला राक्षसांबद्दल बोलायचंय. आमच्या टेबलावर एक जण आहे ज्याला मॉन्स्टरचं पुस्तक तोंडपाठ. ट्रोल समोर आला की मी वर्णन संपवायच्या आत "आग किंवा ॲसिड, नाहीतर दर टर्नला दहा हिट पॉइंट्स परत येतात" असं जाहीर. भीती कसली वाटणार! मग बाहेरच्या छोट्या प्रकाशकाचं राक्षसांचं पुस्तक विकत घेतलं. पहिल्याच रात्री दलदलीतून काहीतरी वर आलं आणि त्यानं हळूच विचारलं, "हे काय आहे?" सहा वर्षांत पहिल्यांदा.

पण त्याच आठवड्यात त्यानं बाहेरचा एक स्पेल (जादूचा मंत्र) मागितला आणि मी नाही म्हटलं. तो म्हणाला, तू बाहेरचं आणलेलं चालतं, मी आणलेलं नाही, असं का? मला उत्तर देता आलं नाही. राक्षस एका रात्रीत मरतो, स्पेल वर्षभर टेबलावर राहतो, हे मला दोन दिवसांनी सुचलं. सांगितल्यावर त्याला पटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं.

अबोली रंग
ऑफिशियल म्हणजे बॅलन्स्ड, हे आधी डोक्यातून काढा प्लीज. 2021 च्या ऑफिशियल पुस्तकातला सिल्व्हरी बार्ब्स घ्या. पहिल्या लेव्हलचा स्पेल, समोरच्याचा यशस्वी झालेला फासा परत टाकायला लावतो, वर आपल्या माणसाला ॲडव्हांटेजही (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) देतो. किती टेबलांवर बंद आहे! आणि 2014 च्या पुस्तकातला बीस्ट मास्टर रेंजर? मी खेळलेय. माझा लांडगा हल्ला करणार तर मी माझी ॲक्शन सोडून त्याला हुकूम द्यायचा. वर्षभर खेळले त्या लांडग्याच्या प्रेमापोटी. पुस्तकावर शिक्का कुणाचा हे बघून काही कळत नाही, पान वाचूनच कळतं.

सहावी सीट
+१ अबोली. पण वाचायला वेळ कुणाकडे आहे? मी दोन मुलांची आई, डीएमिंग करते रात्री साडेदहानंतर. आम्ही ऑनलाइन खेळतो. बाहेरचा सबक्लास (क्लासचा उपप्रकार) हो म्हटला की त्याची एकेक क्षमता हातानं भरत बसा. एकदा शनिवारी रात्री दोन तास तेच केलं आणि रविवारच्या खेळाची तयारी राहिली. आता सरळ सांगते, ज्याला हवंय त्यानं भरून आणायचं आणि मला पाच मिनिटांत तोंडी समजावून सांगायचं. गंमत म्हणजे समजावता समजावता त्यांनाच कळतं कुठे जास्त होतंय ते.

कंदील
आले परत. पाच मिनिटांत तोंडी समजावणं, हे मी उद्यापासून घेणार!

पैशांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कॉलेजात असताना आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये मिळून एकच पुस्तक होतं, तेही कुणाच्या तरी काकांनी बाहेरून आणलेलं. फुकट मिळणारे नियम आणि छोट्या लेखकांच्या स्वस्त पीडीएफ नसत्या तर आम्ही खेळलोच नसतो. 2000 साली डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर खुला परवाना (इतरांनाही या खेळासाठी लिहून विकू देणारा) आला म्हणून एवढी माणसं या खेळासाठी लिहू शकली. जानेवारी 2023 मध्ये तो परवाना बदलायचा मसुदा फुटला तेव्हा मी खरंच रात्रभर जागी होते. खेळाडूंनी एवढा आवाज केला की 27 जानेवारीला कंपनी मागे हटली आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला. म्हणून सांगते, टेबलावर नाही म्हणायचं तर जरूर म्हणा, पण 'थर्ड पार्टी (बाहेरच्यांचं) म्हणजे कचरा' असं नका म्हणू. आणि आवडलं तर विकत घ्या हो, फॉरवर्ड केलेली पीडीएफ नको.

गवती चहा
कंदील, हे वाचून गलबललं. आमच्याकडेही एकच पुस्तक होतं, पाचही जण वाकून बघायचो.

पाटीपेन्सिल
आपल्याकडची भुतं कुणी वापरलीत का? मी चकवा केलाय! आजी देवगडची, तिच्याकडून ऐकलेला. लढाई नाहीच. जंगलात दर तासाला विस्डम सेव्ह (शहाणपणाच्या जोरावर वाचायचा फासा), चुकलात की परत त्याच वडाखाली. तिसऱ्यांदा वड आला तेव्हा एक जण खुर्चीतून उठून उभा राहिला. चौथ्या वेळी सगळे गप्प बसून सकाळची वाट बघत राहिले, आजी सांगायची अगदी तसंच. हे कुठल्याच पुस्तकात नाही, मग हे 'बाहेरचं' की घरचं?

शेवग्याची शेंग
पान पाठव!! मुंजा पण कर.

समुद्रफेन
मी पणजीहून. एकानं आमच्या कॅम्पेनमध्ये देवचार आणला आणि त्याला चक्क आर्मर क्लास (वार लागायला लागणारा आकडा), हिट पॉइंट्स सगळं दिलं. मी थांबवलं. देवचार मारायचा नसतो, तो गावचा राखणदार. रात्री हातात दांडो (दांडा) घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. माझे बाबा आजही त्याच्या जागेवरून जाताना चप्पल काढतात. डीएमनं ऐकलं, सगळे आकडे खोडले. पुढच्या सेशनला आमच्या क्लेरिकनं (पुजारी पात्रानं) सोरो-रोट, म्हणजे दारू आणि जाड भाकरीचा नैवेद्य, ठेवला आणि आम्हाला वाट मिळाली. दोन वर्षांतलं माझं सगळ्यात आवडतं सेशन.

अबोली रंग
काटा आला वाचून.

निळा पेन
श्टुटगार्टहून. मुलीच्या शाळेच्या क्लबात मूळ पुस्तकाबाहेरचं काही चालत नाही. दर वेळी नवी मुलं असतात, कारण समजतं. पण तिनं वहीत स्वतःचा 'कंदीलवाली' नावाचा क्लास लिहिलाय, चित्रासकट. मग आम्ही दोघं घरी खेळतो. तिचा कंदील विझला की तिला भीती वाटते आणि डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून लहान घ्यायचा) मिळतो, हा नियम तिनंच घातला. नऊ वर्षांची आहे.

कंदील
कंदीलवाली!!! तिला सांगा, इकडे एक आधीच आहे.

विसाचा फासा
जाता जाता, पुण्यात बारा बाजूंचे फासे सुटे कुठे मिळतात? मांजरानं एक सोफ्याखाली घातलाय, सापडत नाही.

सहावी सीट
सोफा उलटा करून खालचं कापड बघा, त्याच्या आत जातात. आमचे तीन निघाले.

गवती चहा
सगळं वाचतेय, पोळ्या करता करता. दुपारी त्या शीटचा फोटो मित्राला पाठवला. खाली लिहिलं, "हे वाचायला मला सात वर्षं लागली, सॉरी." दोन निळ्या टिका आल्यात, अजून उत्तर नाही.

समुद्रफेन, सोरो-रोट ठेवल्यावर देवचार दिसला की नुसती वाट मिळाली?

समुद्रफेन
दिसला नाही. डीएमनं फक्त टेबलावर दांडा आपटल्याचा आवाज केला, आधी जवळून, मग लांबून.