ओढ्याकाठच्या रस्त्यावरचा अंधार : रविवारच्या बैठकीत काय विचारू, कसं विचारू?

जुनी_हजेरीवही

नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६३. आमचं नगरपालिकेचं लहान शहर आहे. नाव लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. रस्त्यावर उजेड हवा आहे.

एसटी स्टँडच्या मागून ओढ्याच्या कडेने आमच्या कॉलनीकडे एक रस्ता येतो. साधारण ६०० मीटर. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या सूतगिरणीची भिंत. मध्ये घर नाही, दुकान नाही, हाक मारली तर ऐकणारं कोणी नाही. पहिल्या गाडीने कॉलेजला जाणाऱ्या मुली, दवाखान्यातून रात्रपाळी करून येणाऱ्या बायका, दूध घालणारी पोरं, सगळे इथूनच जातात. हमरस्त्याने जावं तर या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर धावत असतात. कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. म्हणून बायामाणसं ओढ्याकडून जातात.

माझी नणंद आठ दिवसांसाठी राहायला आली होती. वय ७१. मागच्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला स्टँडजवळच्या मारुतीला निघाल्या. मागून मोटरसायकलवर दोघे आले, मागच्याने मंगळसूत्राला हिसडा दिला. वन्सं पालथ्या पडल्या, उजवं मनगट मोडलं. उजाडल्यावर मी तिथे गेले, तर एक वाटी खांबाच्या बुडाशी मातीत सापडली. दुसरी नाही सापडली. दवाखान्यात प्लास्टर घालत असताना त्या मला फक्त वाट्यांचंच विचारत होत्या. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली तरी ते मंगळसूत्र त्यांनी गळ्यातून काढलं नव्हतं.

ठाण्यात आम्ही लेखी अर्ज दिला. पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत मिळाली.

रविवारी संध्याकाळी पाचला कॉलनीतल्या गणपतीच्या सभामंडपात बैठक आहे. मुख्याधिकारी, विद्युत विभागाचे अभियंते आणि पोलीस निरीक्षक येणार आहेत. गेल्या वर्षीही अशी बैठक झाली होती. चाळीस माणसं एकदम बोलत होती : कुत्री, कचरा, पाण्याची वेळ, कोणाच्या दारात कोणाची गाडी. शेवटी चहा झाला, ‘नोंद घेतली’ म्हणाले आणि निघाले. मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं. या वेळी कॉलनीने मलाच बोलायला सांगितलंय.

काल मी रस्ता मोजला. २२ खांब आहेत, ९ खांबांखाली काळोख. गटारावरच्या दोन फरश्या गायब. यातलं काय विचारू? कोणाला विचारू?

---

खांबावरून_खाली

बाई, मी एका नगरपालिकेच्या विद्युत विभागात ३१ वर्षं काढली, वायरमन म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक होऊन बाहेर पडलो. तुमच्या वन्संचं वाचून जीव कळवळला.

‘९ दिवे बंद’ असं बैठकीत बोलू नका. कोणते ९, ते पाहा. खांबांवर रंगाने नंबर टाकलेले असतील. पुसले असतील तर स्टँडकडून १, २, ३ असे तुम्हीच धरा. अंधार पडल्यावर एकदा जा (एकट्या नको) आणि प्रत्येक खांबापुढे लिहा : पेटतो, बंद, लुकलुकतो, की पेटतो पण उजेड खाली येत नाही. हा शेवटचा प्रकार लोक मोजतच नाहीत.

आकडे इथे टाका. मग सांगतो.

---

चौथा_मजला

सरळ वर्गणी काढा आणि कॅमेरे लावा. आमच्या सोसायटीने लावले. अधिकाऱ्यांच्या मागे लागून काही होत नाही. आणि खरं सांगू का, सूतगिरणीच्या मोकळ्या जागेत या दिवसांत बाहेरची माणसं पालं टाकून बसतात, त्यांची आधी चौकशी व्हायला पाहिजे.

---

जुनी_हजेरीवही

दादा, कॅमेऱ्याचं म्हणणं समजलं. पण त्या काळोखात साध्या कॅमेऱ्यात समोरून येणाऱ्या मोटरसायकलच्या दिव्याचा पांढरा गोळा तेवढा दिसेल. तोंड दिसणार नाही, नंबर दिसणार नाही. आधी उजेड.

पालांबद्दल मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे. ती ऊसतोड कामगारांची पालं आहेत, बहुतेक बीडकडची माणसं. वन्सं पडल्या तेव्हा पहिली धावत आली ती तिथलीच एक बाई, कोयता हातात तसाच होता. तिने वन्संना उठवून बसवलं, आपल्या पदराने हात बांधला आणि तिच्या मुलाने मला घरी येऊन सांगितलं. त्या बायका पहाटे चारला उठून याच रस्त्याने पाणी आणतात. टोळीची गाडी निघायच्या आत स्वयंपाक आटपायचा असतो. या अंधाराची भीती आमच्याहून त्यांना जास्त आहे, आणि बैठकीचा निरोप त्यांना कोणी दिलेला नाही. मी आज देऊन येते.

खांबवाले काका, काल रात्री पुतण्याला आणि शेजारच्या दोघींना घेऊन गेले होते. बंद खांब : २, ५, ८, ११, १४, १७, २०. आणि १५ व १६ पेटतात, पण वर पर्जन्यवृक्षाच्या फांद्या इतक्या माजल्यात की खाली हात समोर धरला तरी दिसत नाही. वाटी सापडली ती १४ नंबरच्या बुडाशी.

---

खांबावरून_खाली

बाई, तुमच्या आकड्यांनी अर्धं काम केलं.

२, ५, ८, ११... बघा, दर तिसरा खांब. दिवे काही असे रांगेत हिशोबाने जळत नाहीत. रस्त्याच्या दिव्यांना तीन फेजमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या तीन वेगळ्या तारांमधून, आळीपाळीने जोडणी देतात. हेतू हा की एक फेज गेली तरी सगळा रस्ता काळोखात जाऊ नये. तुमची एक फेज गेलेली आहे. दोष बहुधा फीडर पिलरमध्ये, म्हणजे स्टँडच्या बाजूला जी लोखंडी पेटी असेल तिच्यात : फ्यूज, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा खटका) नाहीतर कॉन्टॅक्टर (दिवे एकदम चालू-बंद करणारा खटका). किंवा तिथून निघालेल्या केबलमध्ये. तुम्ही ‘दिवे बदला’ म्हणालात तर ठेकेदाराचा माणूस शिडी घेऊन येईल, दोन दिवे बदलेल, ते पेटणार नाहीत, आणि ‘माल आला की करू’ सांगून जाईल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून म्हणा : ‘दर तिसरा खांब बंद आहे, पिलरमध्ये फेज तपासा.’ समोरचा अभियंता खुर्चीत सरळ बसेल.

आता १४ ते १७ पाहा. दोन फेजमुळे बंद, दोन झाडाखाली. ६०० मीटरला २२ खांब म्हणजे दोन खांबांत २७-२८ मीटर. १३ च्या उजेडापासून १८ च्या उजेडापर्यंत सव्वाशे मीटरहून जास्त सलग काळोख. चोराने जागा अंदाजाने निवडलेली नाही.

झाडाचं काम विद्युत विभागाचं नाही. फांद्या छाटायच्या तर १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. वेगळा अर्ज द्या, नाहीतर विद्युतवाले झाडाकडे बोट दाखवतील आणि झाडवाले दिव्याकडे. तुम्ही स्वतः कुऱ्हाड चालवू नका, पोरांनाही चालवू देऊ नका. वायर जवळ आहे. फरश्या बांधकाम विभागाच्या. आणि पिलरचं दार उघडं असलं तर फोटो काढा, पण हात लावू नका.

---

निवृत्त_हवालदार

ताई, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. एक गोष्ट तुमच्या पहिल्याच मजकुरात खटकली. तुमच्या हातात अर्जाची पोच आहे. एफआयआर नाही.

हा फरक समजून घ्या. गळ्यातलं हिसकावणं हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४. दखलपात्र आहे, म्हणजे माहिती दिली की नोंद झालीच पाहिजे. तुमच्या वन्संचं तर हाड मोडलंय, दवाखान्याचे कागद जोडा. नोंद झाल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. ठाण्यात नोंदवून घेतलं नाही तर तोच मजकूर लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवायचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे सगळं आहे.

हे कशाला सांगतो? अर्ज फाइलला लागतो, गुन्ह्यांच्या रजिस्टरला लागत नाही. महिन्याच्या आढाव्यात वरिष्ठ विचारतात, या भागात किती गुन्हे? उत्तर : शून्य. मग गस्तीची गाडी तिकडे कशाला वळेल? तुमचा रस्ता कागदावर सुरक्षित आहे. त्या रस्त्यावर आधी कोणाचं काही गेलं असेल आणि घाबरून गप्प बसले असतील, तर त्यांनाही शोधा.

रात्री काही संशयास्पद दिसलं तर आपल्या ओळखीच्या पोलिसाला फोन न करता ११२ लावा. ओळखीच्या फोनची नोंद कुठेच राहत नाही.

पालावरच्या बायकांना बोलावताय ते फार बरं केलंत. १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यात हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची साधी माणसं घेतली आणि पोलीस त्यांच्याबरोबर नेमाने बसू लागले. १९९२-९३ मध्ये दंगलीत मुंबई पेटली तेव्हा ८४ सालच्या दंगलीत होरपळलेली तीच भिवंडी शांत राहिली. आमच्या वेळी हे उदाहरण नव्या पोरांना मी नेहमी सांगायचो. पुढाऱ्यांबरोबरची बैठक वेगळी आणि ज्याला रोज त्या रस्त्याने चालायचंय त्याच्याबरोबरची वेगळी.

---

घोडबंदरची_मीनल

काकू, ठाणे शहरातल्या अशा बैठकांचा माझा अनुभव : उत्तर मिळालं की लगेच तारीख आणि पद विचारा. ‘बघतो’ म्हणाले तर ‘साहेब, कोण बघणार आणि कोणत्या दिवशी?’ आणि ते त्यांच्यासमोरच वहीत लिहा. बैठक संपायच्या आत ते पान मोठ्याने वाचून दाखवायचं, खाली सह्या मागायच्या. सही नाही दिली तरी सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तेच पान आवक विभागात देऊन नंबर घ्यायचा.

काही झालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. दिव्यांच्या देखभालीच्या ठेक्यात ‘तक्रारीनंतर किती तासांत दुरुस्ती’ आणि ‘नाही केली तर दंड किती’ हे लिहिलेलं असतं. नेमकं तेच मागा. आपल्याकडे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून झाड आणि दिवे एकाच अर्जात कोंबू नका.

---

जुनी_हजेरीवही

(बैठकीनंतर बारा दिवसांनी)

तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. वन्संना त्यांच्या गावी सोडून काल परत आले.

शनिवारी वन्सं स्वतः ठाण्यात आल्या, हात गळ्यात बांधलेला. ठाणे अंमलदारांनी आधी ‘अर्ज दिलाय की’ म्हटलं. मी कलमाचा नंबर सांगितला आणि दवाखान्याचे कागद पुढे ठेवले. दोन तास बसलो, पण गुन्हा नोंदवून प्रत घेऊनच उठलो. जबाब लिहून घेणाऱ्या मुलीने वन्संना स्वतःच्या डब्यातली पोळी दिली, तेही सांगायला हवं.

कॉलनीत विचारत फिरले. आणखी दोघींची हकीकत निघाली. एकीची पर्स, दिवाळीच्या आधी. दुसरी आमच्या मागच्या गल्लीतली अठरा वर्षांची पोरगी. तिला दोनदा मोटरसायकल आडवी घातली होती आणि तिने घरी सांगितलं नव्हतं, कारण घरच्यांनी कॉलेजच बंद केलं असतं. हे ऐकल्यापासून मला झोप नीट लागलेली नाही. ३४ वर्षं मुलींना शिकवलं मी. तिचं नाव बैठकीत घेतलं नाही, तिच्या आईबरोबर मात्र तीन वेळा जाऊन बसले. पोरगी कॉलेजला जातेय.

बैठकीला पालावरच्या सहा बायका आल्या. मागे उभ्या होत्या, त्यांना पुढे बसवलं. पोलीस निरीक्षक म्हणाले, ‘त्या रस्त्याच्या तक्रारी नाहीत आमच्याकडे.’ मी एफआयआरची प्रत उघडून त्यांच्यासमोर ठेवली. मग ती कोयतेवाली बाई उठली आणि म्हणाली, ‘साहेब, आमी तक्रार कुठं करावी? आमचं कार्डबी गावाकडचं.’ सभामंडपात कोणी काही बोललं नाही. निरीक्षकांनी तिला सांगितलं की कार्ड कुठलंही असो, तक्रार घेतली जाईल, आणि बीट अंमलदाराला (आमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला) उभं करून त्यांचा नंबर सगळ्या बायकांना लिहून द्यायला लावला. तिने तो माझ्याकडून हातावर लिहून घेतला.

अभियंत्यांना मी फक्त सात आकडे वाचून दाखवले आणि फेजचं बोलले. काका, ते खरंच सरळ बसले. ‘बाई, तुम्हाला हे कोणी सांगितलं?’ असं विचारलं. तिसऱ्या दिवशी गाडी आली. पिलरमधला कॉन्टॅक्टर जळाला होता, आणि फ्यूजच्या जागी नुसती तार गुंडाळलेली. पुतण्या तिथे उभा होता, त्याने फोटो घेतलेत.

गस्तीसाठी पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ आणि सूतगिरणीचं फाटक ही जागा ठरली. या बारा दिवसांत गाडी आठ वेळा आली. न आलेल्या चार तारखाही मी लिहून ठेवल्यात आणि बीट अंमलदारांना दाखवल्यात.

आज पहाटे साडेपाचला १ नंबरपासून चालत निघाले. २ पेटलेला, ५ पेटलेला, ८, ११, १४, १७, २० पेटलेले. १४ खाली थोडी थांबले. दुसरी वाटी अजून मिळाली नाही.

१५ आणि १६ खाली काळोख तसाच आहे. वृक्ष अधिकाऱ्यांची पाहणी गुरुवारी सकाळी अकराला ठरलीय. फरश्यांसाठी अर्ज दिला, आवक नंबर मिळाला, फरश्या नाहीत. काका, फांद्या छाटायला येतील तेव्हा वायरचा पुरवठा बंद करायला कोणाला सांगायचं असतं, नगरपालिकेला की महावितरणला? गुरुवारच्या आत सांगा.

---

खांबावरून_खाली

दिव्याची लाइन नगरपालिकेची, पण त्याच खांबावरून घरगुती पुरवठ्याची तार जात असेल तर महावितरणचं शाखा कार्यालय. बाई, उद्या उजेडी १५ आणि १६ च्या वरचा फोटो टाका. किती तारा आहेत ते पाहून सांगतो.