पाऊस धो धो, पण भिजायचं नाही. याला कला म्हणायचं का?

शारजाकर
मंडळी एक शंका आहे, हसू नका. गेल्या शनिवारी लेकीला घेऊन इथल्या रेन रूमला गेलो होतो. रँडम इंटरनॅशनल नावाच्या ग्रुपचं काम आहे, २०१२ ला लंडनच्या बार्बिकन आर्ट सेंटरमध्ये पहिल्यांदा लावलं, मग न्यूयॉर्क वगैरे फिरलं आणि शारजात २०१८ पासून कायमचंच. अंधारी खोली, एका बाजूने लाईटचा झोत, वरून धो धो पाऊस, आणि कॅमेरे तुमच्यावर लक्ष ठेवून, तुम्ही जिथे पाऊल टाकाल तिथला पाऊस थांबतो. हळू चालायचं असतं, आणि गडद कपडे घालू नका सांगतात कारण सेन्सरला दिसत नाहीत. ते मी वाचलंच नव्हतं. काळा टीशर्ट, उजवा खांदा चिंब. लेक (वय ७, जन्म इथलाच) कोरडी ठणठणीत, आणि बाहेर आल्यावर रडवेली, "बाबा तुलाच कसा लागला, मला का नाही?"

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला पावसात न भिजण्याचं तिकीट काढताना कसंतरीच होतं हो. यात कला आहे की नुसतं गॅजेट? हवामानावर असं अजून कोणी केलंय का?

पाटीपेन्सिल
केलंय की. ओलाफर एलियासनचं व्हेदर प्रोजेक्ट बघा, लंडनचं टेट मॉडर्न म्युझियम, ऑक्टोबर २००३ ते मार्च २००४. तिथल्या टर्बाईन हॉलच्या टोकाला भला मोठा सूर्य, म्हणजे खरं तर अर्धाच, उरलेला अर्धा छताच्या आरशात. दिवे एकाच पिवळ्या रंगाचे, आपल्याकडच्या जुन्या सोडियमच्या दिव्यांसारखे, त्या उजेडात लाल साडी काय नि हिरवी काय, सगळं पिवळं नाहीतर काळं. हवेत थोडं धुकं सोडलेलं. वीस लाखांच्या वर लोक येऊन गेले, आणि केलं काय तर जमिनीवर उताणे पडले, हातपाय हलवत वर आरशात स्वतःला शोधत बसले!! आणि सूर्याच्या मागे गेलात की दिवे, वायरी सगळं उघडं. फसवतोय हे दाखवून फसवतो तो. रेन रूमवर माझा राग तिथेच आहे, तिथे पाऊस तुमच्या हुकमात, तुम्ही राजे. पाऊस कधी कुणाचं ऐकतो का?

धुकट
+१. जपानच्या फुजिको नाकाया या बाई उलट करतात. १९७० च्या ओसाका एक्स्पोत पेप्सीचा पॅव्हेलियन त्यांनी धुक्यात बुडवला होता, नुसतं पाणी, बारीक नोझलमधून. पुढे वारा नेईल तिकडे धुकं. स्पेनमधल्या बिलबाओच्या गुगेनहाइम म्युझियममधल्या कामाला नाव काय, तर जवळच्या हवामान केंद्राचा नंबर, ०८०२५. वडील उकिचिरो नाकाया, त्यांनी १९३६ ला प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण बनवला. घरातच वारसा.

कलिनाकट्टा
मला कलेतलं शष्प कळत नाही पण आमच्या घरात एक आर्ट पीस आहे. २६ जुलै २००५, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस आणि कुलाब्याला ७३, त्यामुळे टाऊनवाल्या, म्हणजे कुलाब्याकडच्या मामाला अजून वाटतं आम्ही वाढवून सांगतो. तळमजल्याची खोली, पाणी स्विचबोर्डाच्या चार बोटं खाली थांबलं. वडिलांनी तिथे पेन्सिलने रेघ मारली. त्यानंतर दोनदा घराला रंग काढला, दोन्ही वेळा पेंटरशी भांडण, कारण तेवढी वीतभर जागा सोडायची. पेंटर म्हणतो सेठ खराब दिसेल, वडील म्हणतात दिसू दे. आता क्रीम भिंतीत एक आकाशी चौकोन आणि त्यात रेघ. पाहुणा आला की आधी तिकडे नेतात, पाणी मागाहून.

माणदेशी
तुमचं पडलेल्या पावसाचं चाललंय, आमच्याकडं सगळं न पडलेल्या पावसाचं. आज्जीला सन सांगता येत नाही, चुलता बहात्तरच्या दुष्काळाआधीचा आणि आत्या बहात्तरनंतरची, एवढंच कॅलेंडर. मिलो म्हणून अमेरिकेची लाल ज्वारी आलेली, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही म्हणते, सुकडी मात्र पोरं पळवून खायची. दुष्काळी कामावर खडी फोडताना हातोडा बसला, अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडंच उगवतं. गावाबाहेरचा पाझर तलाव त्याच कामावरचा, बायकांनी पाट्या वाहून बांधलेला. लंडनला सूर्य बघायला वीस लाख माणूस गेलं हे आज्जीला सांगितलं, म्हणाली तिकडं ऊन नाही व्हय?

शारजाकर
आज्जींना नमस्कार सांगा __/\__ खरंय, ऊन नसलेल्यांना सूर्य आणि वाळवंटात पाऊस, असंच असणार ते. आणि इथे खरा पाऊस आला तेव्हा काय झालं, १६ एप्रिल २०२४, अल ऐनकडे एका दिवसात २५४ मिमीच्या वर, १९४९ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात जास्त. आमच्या पार्किंगमध्ये गाड्या तरंगत होत्या, लेक तेव्हाही बाल्कनीतूनच बघत होती, घाण पाणी म्हणून आम्ही खाली सोडलं नाही. म्हणजे पोरगी दोन्ही वेळा कोरडीच. जुलैत सुट्टी लागली की डोंबिवलीला आणतो, छत्री न घेता.

कलिनाकट्टा
आणा, पण साठलेल्या पाण्यातून चालवू नका, लेप्टो तापाच्या गोळ्या खाव्या लागतात. गच्चीवर न्या.