मदत हवी आहे: केमोनंतर उलटीचं इंजेक्शन घरी दिवसातून किती वेळा देता येतं?

कृष्णाकाठची_सून (गुरुवार, रात्री ११:०५)
सासूबाईंच्या उलट्या थांबत नाहीयेत. मंगळवारपासून कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन देतोय. तासभर बरं वाटतं, की परत सुरू. आज सकाळी एक झालं, संध्याकाळी सातला एक. आता नुसतं पित्त पडतंय. घरात अजून तीन अँपुल आहेत आणि कंपाउंडर म्हणतोय, येतो, अजून एक मारू. द्यावं का? दिवसाला जास्तीत जास्त किती चालतात? शिरेतून बरं की कमरेत? कृपया "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये म्हणूनच इथे विचारतेय.

पल्लवी_ठाणे (११:१२)
कोणतं इंजेक्शन? नाव लिहा ना. "उलटीचं इंजेक्शन" चार-पाच प्रकारचं असतं.

आजरेकर (११:१४)
अजिबात देऊ नका! माझ्या पुतणीला उलटीच्या इंजेक्शनने मान वाकडी झाली, जीभ बाहेर, डोळे वर गेले. आम्हाला वाटलं संपलं सगळं. चार तास अ‍ॅडमिट होती.

वॉर्डसिस्टर (११:१७)
आजरेकर, तुम्ही सांगताय ते बहुतेक मेटोक्लोप्रमाइड असणार. तरुण मुलींमध्ये त्याने असं होतं. उगाच घाबरवू नका.
ताई, मी कॅन्सर वॉर्डात अकरा वर्षं आहे. पटापट सांगा: अँपुलवर काय लिहिलंय, वय किती, कसला कॅन्सर, केमो कोणत्या दिवशी झाली, डे-केअरच्या कार्डावर कोणकोणती औषधं लिहिली आहेत, ताप आहे का, लघवी शेवटची कधी झाली?

निसर्गमित्र (११:२०)
आलं किसून त्याचा रस, मध आणि लिंबू दर अर्ध्या तासाने चमचाभर द्या. माझ्या आईने पूर्ण सहा केमो यावर काढल्या, एक इंजेक्शन घेतलं नाही. शिवाय तळपायाला काशाची वाटी.

कृष्णाकाठची_सून (११:२६)
अँपुलवर ओन्डान्सेट्रॉन आहे, २ मिग्रॅ प्रति मिली, ४ मिली. वय ६३. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. केमो सोमवारी, मिरजेला. ताप ९८.४. निसर्गमित्र, पाणीसुद्धा राहत नाहीये हो पोटात, मध कुठून राहणार.

परदेशस्थ_नितीन (११:२९)
इकडे न्यू जर्सीत माझ्या बायकोला दंडावर चिकटवायचा ग्रॅनिसेट्रॉनचा पॅच दिला होता. केमोच्या आदल्या दिवशी लावायचा, सात दिवसांपर्यंत ठेवता येतो. इंजेक्शनची भानगडच नाही. भारतात मिळतो का, चौकशी करा.

वॉर्डसिस्टर (११:३१)
रात्री साडेअकराला विट्या-तासगावात पॅच कुठून आणणार, नितीन. तोही याच गटातला आहे.
ताई, कार्ड आणि लघवी राहिली. कंपाउंडर कसं देतो तेही सांगा. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात सुई घातलीय का?

मुकुंद_का (११:३३)
माझं गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. हेच इंजेक्शन सलाईनच्या नळीतून दिलं, काही त्रास झाला नाही. अगदी सुरक्षित औषध आहे, निर्धास्त द्या. उगाच बाऊ करू नये.

भूल_डॉक्टर (११:४१)
मुकुंदकाका, मी भूल देतो, हे औषध रोज वापरतो. तुम्हाला दिलं असेल ते बहुधा ४ मिग्रॅ, दोन ते पाच मिनिटांत सावकाश, मॉनिटर लावलेला असताना आणि आदल्या दिवशी रक्त तपासून. या माऊली चार दिवस उलट्या करताहेत. दोन्हींची तुलना नको.

ताई, निव्वळ आकडा पाहिला तर डोस मर्यादेत दिसतोय. शिरेतून एका वेळी १६ मिग्रॅच्या वर द्यायचं नाही. पूर्वी केमोआधी ३२ मिग्रॅ एकदम द्यायचे, पण २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तो डोस बंद करायला लावला, कारण त्याने ईसीजीवरचं क्यूटी अंतर (हृदयाला एक ठोका देऊन पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबतं आणि क्वचित जीवघेणी लय सुरू होते. तुमची आठाची अँपुल आहे. पण किती दिलं यापेक्षा शरीरात आणखी काय काय चाललंय, ते मला आधी कळायला हवं. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम कमी असेल तर हेच ८ मिग्रॅसुद्धा जड जाऊ शकतं. आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या लिहा, बीपीची, झोपेची, खोकल्याची, सगळ्या.

कृष्णाकाठची_सून (११:५२)
कार्ड शोधत होते, म्हणून वेळ लागला. जसं आहे तसं लिहिते: एसी, सायकल २. पॅलोनोसेट्रॉन ०.२५ मिग्रॅ, फॉसअ‍ॅप्रेपिटंट १५० मिग्रॅ, डेक्सामेथासोन १२ मिग्रॅ. घरी: डेक्सा गोळी तीन दिवस, ओलान्झापिन ५ मिग्रॅ, रोज रात्री, चार दिवस.
बीपीची गोळी आहे, टेल्मिसार्टन आणि पुढे हायड्रोक्लोरोथायझाइड. मंगळवारपासून खोकल्याला गावातल्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन दिलंय.
लघवी दुपारी तीनला झाली, थोडीशी, गडद. कंपाउंडर शिरेत लावलेल्या सुईतून एका दमात देतो. काल सुई निघाली म्हणून दोन कमरेत दिली. सुई उजव्या हाताला होती, ऑपरेशन डाव्या बाजूचं.
उठवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. हे आधी लिहायला हवं होतं का? मला वाटलं केमोत असंच होतं.

भूल_डॉक्टर (११:५६)
अजून इंजेक्शन देऊ नका. कंपाउंडरला येऊ नको म्हणून कळवा.
अझिथ्रोमायसिननेही क्यूटी लांबतं. बीपीच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पोटॅशियम काढतो. त्यात चार दिवसांच्या उलट्या, आणि वर एका दमात दिलेलं ओन्डान्सेट्रॉन. उठताना अंधारी येणं मी केमोचं म्हणून सोडून देणार नाही. ईसीजी आणि पोटॅशियम आज रात्रीच व्हायला हवं, सकाळी नाही.

पल्लवी_ठाणे (११:५७)
आणि पॅलोनोसेट्रॉन झालंय ना सोमवारी? ते तर त्याच जातीचं औषध. मग वरून ओन्डान्सेट्रॉन कशाला?

वॉर्डसिस्टर (शुक्रवार, ००:०२)
पल्लवीताई, अगदी बरोबर. पॅलोनोसेट्रॉन लांब टिकतं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण चाळीस तास लागतात. म्हणून ते केमोआधी एकदाच देतात. त्यावर लगेच ओन्डान्सेट्रॉन म्हणजे ज्या दाराला कडी लागलीय, त्यालाच पुन्हा कडी लावणं. उलटी फारशी थांबत नाही, आतडं मात्र आणखी सुस्तावतं.
ताई, सासूबाईंना शौचाला कधी झालं होतं?
आणि ओलान्झापिन देताय का?

कृष्णाकाठची_सून (००:०७)
शौचाला रविवारी. पोट फुगल्यासारखं आहे.
ओलान्झापिन दिलं नाही. मेडिकलवाल्याने सांगितलं, ही डोक्याच्या आजाराची गोळी आहे, चुकून लिहिली असेल. आईंनीही ऐकलं आणि म्हणाल्या, मला वेडी ठरवताय का. मग ठेवून दिली.

वॉर्डसिस्टर (००:१०)
अगं बाई. ती गोळी उलटीसाठीच होती. कार्डावरचं एसी म्हणजे लाल औषधाची केमो, तिला उलटी फार जोरात होते, आणि दुसऱ्या दिवसानंतरची मळमळ या गोळीने उत्तम आवरते. माझ्या वॉर्डातही दर दहा दिवसांनी कोणीतरी हेच करतं, चिठ्ठीवरचं नाव मोबाईलवर शोधतात आणि गोळी डब्यात ठेवून देतात. पुडी देताना समजावून न सांगणाऱ्यांची चूक, तुमची नाही.
पण आत्ता घरी सुरू करू नका. आधी ईसीजी. निघा तुम्ही. १०८ ला फोन करा किंवा शेजाऱ्यांची गाडी घ्या. कार्ड, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि फोडलेल्या अँपुल पिशवीत घ्या. किती वाजता किती दिलं, ते कागदावर लिहा.

कृष्णाकाठची_सून (००:१४)
हे कारखान्यावर रात्रपाळीला आहेत. शेजारचे दादा गाडी काढताहेत. मिरज सव्वा-दीड तास आहे, की इथल्याच ग्रामीण रुग्णालयात जाऊ?

भूल_डॉक्टर (००:१६)
जिथे ईसीजी लगेच निघेल तिथे आधी. तो बघून पुढे मिरजेला पाठवायचं का, ते ठरवतील. रस्त्यात आडवंच ठेवा, मान एका कुशीला. पाणी पाजत बसू नका.

निसर्गमित्र (००:२०)
सगळी रसायनं एकमेकांत मिसळल्यामुळेच हे झालं ना? मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

पल्लवी_ठाणे (००:२४)
निसर्गमित्र, तुमच्या आई बऱ्या झाल्या याचा आनंदच आहे. पण त्यांना कोणती केमो होती, ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही. प्रत्येक केमोची उलटी सारखी नसते. माझ्या बाबांना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल होतं, तेव्हा साध्या गोळीवर भागलं. सिस्प्लॅटिन आलं तेव्हा पाच दिवस घराला झोप नव्हती.

निसर्गमित्र (००:२९)
औषधाचं नाव मला माहीत नाही. तुमचं म्हणणं मान्य. पण आल्याने मळमळ कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वॉर्डसिस्टर (००:३३)
थोड्या मळमळीला आल्याचा तुकडा चघळला तर आम्हीही नाही म्हणत नाही. पोटात थेंब राहत नसताना तेवढ्यावर बसायचं नाही, एवढंच.
जाता जाता इतरांसाठीही सांगते. केमोच्या पेशंटला कमरेत इंजेक्शन शक्यतो टाळा. प्लेटलेट उतरलेल्या असल्या तर आत रक्त साकळतं, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असल्या तर गळू होतं. दुसऱ्या आठवड्यात तर नकोच.

साताऱ्याचा_शिरीष (सकाळी ७:४०)
धागा वाचून विचारतो. आमच्या वहिनींची केमो मुंबईला टाटात सुरू होतेय. राहायची सोय कुठे होईल? रेल्वेची सवलत मिळते का?

मुकुंद_का (८:०५)
शिरीष, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे रुग्णालयाचे कागद लागतात. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे, सोबतच्या एकालाही मिळते. ठरलेला फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यायचा.
आणि ताईंची खबर कळली का? रात्री "बाऊ करू नये" असं लिहिलं मी. सकाळी उठल्यापासून मनाला लागून राहिलंय.

पल्लवी_ठाणे (८:१२)
अजून नाही. शिरीष, कृपया वेगळा धागा काढा ना, इथे ताईंचा निरोप खाली जाईल.

कृष्णाकाठची_सून (दुपारी २:३५)
आम्ही मिरजेत आहोत. आई ठीक आहेत.
ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, तिथल्या मॅडमनी पट्टी बघून लगेच रुग्णवाहिकेने पुढे पाठवलं. क्यूटीसी, म्हणजे तेच क्यूटी अंतर ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून, ५०४ मिलिसेकंद होतं. पोटॅशियम २.८. रात्रभर मॉनिटरवर ठेवलं, पोटॅशियम सलाईनमधून हळूहळू चढवलं. अझिथ्रोमायसिन बंद, बीपीची गोळी सध्या बंद, ओन्डान्सेट्रॉन बंद. एक्स-रेत आतडं मळाने भरलेलं दिसलं. एनिमा दिल्यावर पोट मोकळं झालं आणि उलटी निम्मी तिथेच थांबली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, शेवटच्या दोन दिवसांच्या उलट्या केमोपेक्षा बद्धकोष्ठतेच्या असाव्यात. आणि आम्ही त्यावर बद्धकोष्ठता वाढवणारंच इंजेक्शन देत होतो. सकाळपासून हे डोक्यातून जात नाहीये.

भूल_डॉक्टर (२:५०)
खूप बरं वाटलं वाचून. पोटाच्या ऑपरेशननंतर आम्हालाही हीच धास्ती असते. उलटी दबते आणि फुगत चाललेलं पोट लक्षात येत नाही. तुम्ही वेळेत निघालात. स्वतःला लावून घेऊ नका.

कृष्णाकाठची_सून (३:१०)
ओलान्झापिनचं त्यांनाही विचारलं. म्हणाले, ईसीजी सुधारला की आज रात्री सुरू करू, पण २.५ मिग्रॅ. आईंना समोर बसून समजावलं, ही गोळी मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करते, तुमच्या डोक्यात काही बिघाड नाही. आई म्हणाल्या, हे आधी सांगितलं असतं तर घेतली असती की.

वॉर्डसिस्टर (३:२२)
२.५ बरोबर. टाटा हॉस्पिटलच्याच अभ्यासात, २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, २.५ मिग्रॅने १० मिग्रॅइतकाच गुण आला आणि गुंगी कमी. या वयाला तेच बरं. रात्री बाथरूमला जाताना मात्र सोबत कोणीतरी उठा, पहिले दोन दिवस झापड येते. आणि ही गोळी चालू असताना मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन कोणी देऊ लागलं, तर आधी गोळीचं पाकीट दाखवा. दोन्हींचं काम एकाच जागी चालतं.

आजरेकर (३:३०)
ताई, काल मी घाईने भलतंच लिहिलं. माफ करा.

कृष्णाकाठची_सून (शनिवार, सकाळी ९:१५)
आजरेकर, माफी कसली. तुम्ही सगळे जागे होतात म्हणून आम्ही निघालो.
रात्री उलटी झाली नाही. पहाटे आईंनी स्वतःहून पेज मागितली, मीठ आणि मेतकूट घालून. अर्धी वाटी गेली आणि राहिली. पोटॅशियम ३.६. आज सोडतील.
एकच विचारायचं आहे. त्या तीन अँपुल घरात तशाच आहेत. कंपाउंडरला परत देऊ, की पुढच्या वेळेसाठी ठेवू?

वॉर्डसिस्टर (९:२१)
ठेवू नका. मिरजेच्या डे-केअरमध्ये घेऊन या, आम्ही असं उरलेलं सगळं तिथेच जमा करून घेतो. पुढची केमो कधी आहे?

कृष्णाकाठची_सून (९:२४)
तीन आठवड्यांनी, सोमवारीच. कार्डाच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत. एक फ्रिजवर लावणार, एक गावातल्या डॉक्टरांकडे स्वतः नेऊन देणार.